कशाला कोणता गोंद? घरगुती दुरुस्ती आणि हस्तकलेसाठी नवख्यांचा मार्गदर्शक

बहुतेक घरांच्या खणात इन्स्टंट ग्लूची एक चपटी ट्यूब पडलेली असते आणि काहीही मोडलं की तीच बाहेर येते. कपाचा कान, चपलेचा पट्टा, चष्म्याची काडी, बादलीची चीर, सगळ्यांवर एकच उतारा. कपाचा कान आठवडाभर टिकतो, चपलेचा पट्टा जेमतेम संध्याकाळपर्यंत, आणि बादलीला तर ग्लू धरतच नाही. मग ग्लू बनावट निघाला असा शिक्का बसतो. खरं तर ग्लू चांगलाच असतो, त्याला भलत्या कामाला जुंपलेलं असतं.

नवखा माणूस आधी विचारतो, 'सगळ्यात मजबूत कोणता?' या प्रश्नाला उत्तर नाही. लाकडाच्या जोडात पांढरा गोंद इतका पक्का बसतो की जोर लावल्यावर जोडाशेजारचं लाकूड फाटतं, जोड शाबूत राहतो. तोच गोंद काचेवर लावला तर सुकल्यावर नखाने निघून येतो. त्यामुळे पाकिटावर किती किलो वजन पेलतो असं लिहिलंय ते सध्या बाजूला ठेवा आणि हातातल्या वस्तूकडे बघा.

ट्यूब उघडण्याआधी काय बघायचं

पहिली गोष्ट, दोन्ही पृष्ठभाग कशाचे आहेत? लाकूड, कागद, कापड, पुठ्ठा, कच्ची माती हे पाणी शोषणारे. काच, धातू, झिलईदार चिनी माती, बहुतेक प्लास्टिक हे न शोषणारे. पाण्यात कालवलेला कुठलाही गोंद सुकायचा तर त्यातलं पाणी कुठेतरी जायला हवं. दोन्ही बाजू काचेच्या असतील तर ते मध्येच अडकतं आणि आतला गोंद कित्येक दिवस ओलाच राहतो. म्हणून असा गोंद वापरायचा तर निदान एक बाजू शोषणारी हवी.

दुसरी गोष्ट नवख्यांच्या हमखास नजरेतून सुटते. जोडावर जोर कुठल्या दिशेने येणार? दोन पट्ट्या एकमेकींवर चढवून चिकटवल्या आणि लांबीच्या दिशेने ओढल्या, तर ताण सगळ्या चिकटलेल्या भागावर सारखा वाटला जातो आणि साधा गोंदही तग धरतो. पण एक टोक धरून पट्टी उचलली, तर सगळा जोर कडेच्या एका बारीक रेषेवर येतो आणि जोड चेन उघडावी तसा सरसर उकलतो. बुटाचा तळ, चामड्याचा पट्टा, लॅमिनेटची कड, सगळं असंच सुटतं. अशा ठिकाणी कडक, ठिसूळ गोंद कितीही 'मजबूत' असला तरी उपयोगाचा नाही, वाकणारा गोंदच हवा.

तिसरं, तुकडे एकमेकांत नीट बसतात का? की मध्ये फट आहे? आणि चौथं, जोडल्यावर वस्तू कुठे राहणार: पाण्यात, उन्हात, गरम भांड्याजवळ, की कपाटात? एवढं ठरलं की गोंदांची यादी आपोआप दोन-तीन नावांवर येते.

प्लास्टिकसाठी एक वेगळी चाचणी करावी लागते. वस्तू उलटी करा आणि त्रिकोणातला आकडा शोधा. 2, 4 किंवा 5 असेल तर ते पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन आहे. बादल्या, डबे, झाकणं, तेलाचे कॅन बहुधा याच जातीचे असतात आणि नेहमीचे गोंद त्यांना जवळजवळ धरतच नाहीत. आकडा 3 किंवा 6 असेल, म्हणजे पीव्हीसी किंवा पॉलिस्टायरीन, तर आशा आहे. आकडाच सापडला नाही तर जागा साबणाने धुऊन, कोरडी करून तिच्यावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब पसरला तर गोंदही पसरून पकड घेण्याची शक्यता चांगली. गोळी होऊन तसाच बसला तर नेहमीच्या गोंदाच्या नादी लागू नका. अशा प्लास्टिकसाठी आधी प्रायमर, म्हणजे पकड यावी म्हणून द्यायचा पातळ थर, लावायचा आणि मग झटपट ग्लू, असे दोन भागांचे खास संच मिळतात. पण मला विचाराल तर फाटलेल्या बादलीसाठी एवढा खटाटोप करू नये.

पांढरा गोंद

फेविकॉलच्या जातीचा, दुधासारखा दिसणारा हा गोंद म्हणजे पाण्यात विखुरलेले पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटचे कण. पाणी उडालं की कण एकत्र येऊन पारदर्शक पडदा तयार होतो. लाकूड, कागद, पुठ्ठा, कापडावर याच्यासारखा दुसरा नाही. ओला असताना पाण्याने पुसता येतो, वास नाही, मुलांच्या हातात देता येतो. हस्तकला नुकतीच सुरू केली असेल तर आधी हाच घ्या.

लाकडाला लावताना पातळ, सलग थर द्या आणि जोड दाबून धरा. कडेने बारीक मण्यांसारखे थेंब एकसारखे बाहेर आले की प्रमाण बरोबर समजायचं. अर्धा ते एक तास क्लॅम्प (जोड दाबून धरणारा शिकंजा) लावून ठेवा, पण वजन पेलायला चोवीस तासांनंतरच द्या. लाकडाच्या कापलेल्या टोकाला, जिथे रेषांची तोंडं उघडी असतात, तिथे गोंद आत शोषला जातो आणि जोड कच्चा राहतो. तिथे नुसत्या गोंदावर भिस्त न ठेवता खुंटी किंवा स्क्रू लावा.

याच्या दोन उणिवा माहीत असू द्या. साध्या प्रकाराला सततचं पाणी सोसत नाही, बाहेरच्या फर्निचरला जलरोधक प्रकार घ्यावा लागतो. आणि कडाक्याच्या थंडीत, साधारण 10 अंश सेल्सिअसच्या खाली, पडदा नीट तयार होत नाही. गोंद खडूसारखा पांढरा आणि भुसभुशीत होतो.

खिळखिळ्या खुर्चीत लोक फटीतून पांढरा गोंद ओततात आणि महिनाभरात खुर्ची पुन्हा डुगडुगायला लागते. कारण आत जुन्या गोंदाचा थर असतो, आणि सुकलेल्या गोंदावर नवा पांढरा गोंद धरत नाही. जोड हलक्या हाताने पूर्ण सोडवा. दांड्याच्या टोकावर पिवळसर, चकचकीत पापुद्रा दिसेल. तो पटाशीने किंवा बोथट सुरीने खरवडा, मॅट आणि कोरडं लाकूड दिसेपर्यंत. भोकाच्या आतही तेच करा. लाकूड मात्र छिलू नका, नाहीतर फट वाढेल. एवढं केलं की गोंदाचं काम सोपं आहे.

झटपट ग्लू

याचं रासायनिक नाव सायनोअ‍ॅक्रिलेट. 1942 मध्ये अमेरिकेत ईस्टमन कोडॅकमध्ये हॅरी कूवर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमसाधनासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत असताना हे रसायन पुढे आलं, आणि ज्याला त्याला चिकटतं म्हणून बाजूला ठेवलं गेलं. 1951 मध्ये त्याच्याकडे पुन्हा लक्ष गेलं आणि 1958 मध्ये ते बाजारात आलं. ज्या खोडीमुळे नाकारलं, तीच पुढे विकली गेली.

हा ग्लू सुकत नाही, हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याशी संयोग होऊन घट्ट होतो. म्हणूनच तो ओलसर बोटांना इतक्या तत्परतेने चिकटतो. आणि म्हणूनच थर जितका पातळ तितका जोड चांगला. जास्त ओतलात तर मधला भाग पातळच राहतो आणि कडेला पांढरी बुरशीसारखी धूसर झाक येते. साधारण बोटाच्या पेराएवढ्या जागेला एक थेंब खूप झाला.

खेळण्याचा तुटलेला कडक भाग, दगडी मूर्तीचा उडालेला टवका, दागिन्यातला मणी, धातूवर रबर अशा लहान, घट्ट बसणाऱ्या, न वाकणाऱ्या जोडांना हा उत्तम. धक्का आणि उकलण्याचा ताण मात्र त्याला सोसत नाही, आणि साधारण 80 अंशांच्या पुढे तो ढिला पडतो. काचेवर सुरुवातीला झकास धरतो, पण काही काळाने सुटतो, त्यामुळे काचेच्या भांड्याला तो नकोच. फट भरायची असेल तर जेल प्रकार घ्या, पातळ ग्लू फटीतून नुसता वाहून जातो.

एक इशारा गांभीर्याने घ्या. सुती किंवा लोकरी कापडावर हा ग्लू जास्त सांडला तर एकदम उष्णता निर्माण होते, धूर येतो आणि त्वचा भाजू शकते. म्हणजे सुती हातमोजे घालून तो वापरायचा नाही आणि सांडलेला ग्लू कापसाच्या बोळ्याने टिपायचा नाही.

इपॉक्सी

फट असेल, धातू, दगड किंवा चिनी माती असेल, आणि जोड भक्कम हवा असेल तर इपॉक्सी. दोन ट्यूब असतात, एकात रेझिन म्हणजे मूळ चिकट द्रव आणि दुसऱ्यात त्याला घट्ट करणारा हार्डनर. अ‍ॅराल्डाइट हे यातलं ओळखीचं नाव. एम-सीलसारखी मळायची लांबी (पुट्टी) हाही याचाच जाड अवतार, गळक्या सांध्यासाठी किंवा तुटून हरवलेला तुकडा नव्याने घडवण्यासाठी.

बहुतेक घरगुती संचांत दोन्ही भाग सारखे घ्यायचे असतात, पण पाकीट वाचाच. हार्डनर जास्त घातला की लवकर घट्ट होईल हा मोठा गैरसमज आहे. रेझिन आणि हार्डनरचे रेणू ठरलेल्या हिशेबाने एकमेकांत गुंततात. एक जास्त झालं तर उरलेलं तसंच राहतं आणि जोड कायमचा चिवट, चिकट होतो. एक मिनिटभर कडेकडेचं ओढत नीट घोटा. घाई नसेल तर पाच मिनिटांवाल्याऐवजी संथ प्रकार घ्या. तुकडे जुळवायला वेळ मिळतो आणि जोड सहसा जास्त चांगला होतो. पाच मिनिटं म्हणजे हाताळायला मिळणारा वेळ, पूर्ण ताकद यायला साधारण दिवस जातोच.

एकदम भरपूर इपॉक्सी कालवून वाटीत ठेवू नका. प्रक्रियेत उष्णता सुटते, साठा मोठा असेल तर ती बाहेर पडत नाही आणि मिश्रण धुमसायला लागतं. हातमोजे घाला, कारण कच्चा इपॉक्सी वारंवार त्वचेला लागला तर कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते. उन्हात तो पिवळा पडतो, हेही लक्षात असू द्या.

बाकीचे

वाकणाऱ्या वस्तूंना, म्हणजे चामडं, रबर, बुटाचा तळ किंवा लाकडावर लॅमिनेट, कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह लावतात. याची रीत उलटी आहे. दोन्ही बाजूंना थर द्यायचा आणि चिकटवायचं नाही. दहा ते वीस मिनिटं थांबायचं, बोट लावल्यावर चिकटपणा जाणवेल पण गोंद बोटाला येणार नाही इथपर्यंत. मग नीट जुळवून एकदाच जोरात दाबायचं. इथे किती वेळ दाबलं यापेक्षा किती जोराने दाबलं याला महत्त्व, म्हणून बुटाच्या तळावर हातोडीने ठोकतात. एकदा टेकलं की सरकवता येत नाही. पेट घेणाऱ्या द्रावकाची वाफ निघते, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास ज्योत नको.

सिलिकोन हा गोंदापेक्षा फट बुजवणारा पदार्थ आहे. सिंकची कड, न्हाणीघरातली फट, काचेची टाकी यांसाठी. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा प्रकार तांब्याला गंजवतो आणि आरशाची मागची कलई खराब करतो, तिथे न्यूट्रल, म्हणजे तो आंबट वास नसलेला प्रकार घ्या. माशांच्या टाकीला बुरशीनाशक घातलेला सिलिकोन चालत नाही. थर साधारण दिवसाला दोन-तीन मिलिमीटर या वेगाने आतपर्यंत पक्का होतो. त्यावर रंग बसत नाही आणि दुसरा कुठलाही गोंद धरत नाही. पुन्हा काम करायचं तर जुना थर पूर्ण काढावा लागतो.

ग्लू गन, म्हणजे ग्लूची कांडी वितळवून सोडणारं पिस्तूल, हस्तकलेत झटपट कामाची, पण तिला दुरुस्तीचं हत्यार समजू नये. थंड धातूवर वितळलेला ग्लू टेकताक्षणी थिजतो, पकड घेतच नाही. पॉलियुरेथेन गोंद ओलाव्याने फुगतो, बाहेरच्या लाकडाला उत्तम, पण फुगताना जोड उघडतो म्हणून करकचून क्लॅम्प लागतो.

हस्तकलेतली कामं

कागदावर कागद चिकटवताना सुरकुत्या पडतात, कारण गोंदातल्या पाण्याने कागद फुगतो. मोठ्या पानांना ग्लू स्टिक किंवा दुहेरी टेप वापरा, किंवा पांढरा गोंद ब्रशने अगदी पातळ ओढून वर जाड पुस्तकं ठेवा. थर्मोकोलला द्रावकवाला गोंद किंवा साधा झटपट ग्लू लावला तर तो विरघळून खड्डा पडतो. तिथे पांढरा गोंद चालतो, पण दोन जाड थर्मोकोलच्या मध्ये तो सुकायला फार वेळ घेतो, म्हणून कमी तापमानाची ग्लू गन सोयीची. कापडाला धुण्यात टिकणारा कापडाचाच गोंद घ्या, आणि आधी चिंधीवर लावून सुकल्यावर मऊ राहतो का ते बघा. मणी आणि खडे धातूवर बसवायचे तर थोडा इपॉक्सी टूथपिकने लावा.

कपाचा कान जोडून बघू

गोंद नीट निवडला तरी तयारी फसली की जोड फसतो, म्हणून एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत.

तुकडे कोमट पाण्यात साबणाने धुवा. मोडलेल्या कडेला हात लावू नका, बोटाचं तेल तिथे बसतं. चिनी मातीची मोडलेली कड झिलईविना असते आणि पाणी पिते, म्हणून एक दिवस वाळू द्या. मग गोंद न लावता तुकडे जुळवा. नख जोडावरून फिरवा, पायरी लागली तर कुठेतरी कपची अडकलीय. बारीक ब्रशने ती काढा. कान तीन तुकड्यांत मोडला असेल तर कुठला आधी आणि कुठला नंतर हे आत्ताच ठरवा. क्रम चुकला तर शेवटचा तुकडा आत शिरतच नाही.

चिकटपट्टीचे चार-पाच तुकडे कापून टेबलाच्या कडेला लावून ठेवा. एका वाडग्यात वाळू भरा, तिच्यात कप आडवा रोवा, मोडलेली जागा वर येईल असा. म्हणजे कानाचं वजनच जोड दाबून धरतं. आता संथ इपॉक्सी कालवा, टूथपिकने एकाच बाजूला पातळ थर द्या, कान टेकवा, हलकेच दाबून किंचित हलवा म्हणजे हवा निघेल. चिकटपट्ट्या आडव्या ताणून लावा. बाहेर आलेला इपॉक्सी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या बोळ्याने लगेच पुसा, किंवा रबरासारखा झाल्यावर पात्याने कापा. पूर्ण कडक झाल्यावर काढायला गेलात तर झिलईवर ओरखडे येतील. मग एक दिवस त्याला विसरा.

हा कप आता पेनं ठेवायला. इपॉक्सी उकळत्या पेयाच्या उष्णतेने मऊ होतो, आणि अन्नाला चालेल असं पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तो तोंडाजवळ नकोच.

धातू आणि कडक प्लास्टिकची तयारी थोडी वेगळी. आधी तेलकटपणा काढा, मग 120 ते 180 नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करा, मग पुन्हा अल्कोहोलने पुसा. आधी घासून नंतर पुसलं तर तेलच ओरखड्यांत भरलं जातं.

कशाला गोंद लावायचा नाही

शिडी, हेल्मेट, वाहनाचा कुठलाही भार पेलणारा भाग, गॅसची नळी, विजेच्या वायरचं फाटलेलं आवरण. या वस्तू गोंदाने दिसायला नीट होतात आणि नेमक्या वेळी दगा देतात. त्या बदलाव्यात.

चुकून चिकटलं तर, आणि उरलेलं ठेवायचं कसं

बोटं झटपट ग्लूने जुळली तर ओढू नका. साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून हळूहळू गुंडाळल्यासारखी सोडवा. अ‍ॅसिटोनने हा ग्लू विरघळतो, पण ते बऱ्याच प्लास्टिकला आणि रंगालाही खातं, म्हणून आधी न दिसणाऱ्या जागी लावून बघा. डोळ्यात गेला तर पापण्या जबरदस्तीने उघडायच्या नाहीत, कोमट पाण्याने धुवत डॉक्टरांकडे जायचं. ग्लू गनचा गोळा अल्कोहोलचा थेंब कडेला सोडला की सहज सुटतो. कडक झालेल्या इपॉक्सीला उष्णता देऊन मऊ करून खरवडावं लागतं.

झटपट ग्लूची ट्यूब वापरून झाल्यावर तोंड कोरडं पुसा आणि सिलिका जेलच्या पुडीसोबत हवाबंद डब्यात उभी ठेवा. न उघडलेली ट्यूब फ्रिजमध्ये जास्त टिकते, मात्र बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव धरून ती तिथेच घट्ट होईल. इपॉक्सीच्या ट्यूबची टोपणं एकमेकांना लावलीत तर दोन्ही ट्यूब कायमच्या बंद होतात. त्यांच्यावर मार्करने खूण करून ठेवा.